जाळी पुढच्या सीझनले

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमचं अपघाताचं रजिस्टर बहुतेक कोरंच असतं. किस्स्यांचं ठेवलं असतं, तर एव्हाना तिसरं चालू झालं असतं!

पहिल्याच दिवशी मी कापसाच्या ढिगापुढे उभं राहून तासभर ट्रेनिंग दिलं. शेवटी विचारलं, "आग लागली, तर सगळ्यात आधी काय करायचं?"

सुशीलाबाई आमची सगळ्यात जुनी कामगार. तिनं हात वर केला. "शेठजीले फोन!"

"आणि त्यांनी नाही उचलला तर?"

"ते उचलतच नाईत न बाप्पा! तवरिक आमी गेटच्या बाहीर!"

* * *

मग मास्क आले. एकदम भारी, पॅकिंगमधले. वाटले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्या बायांच्या तोंडाला जुनेच दुपट्टे!

"मास्क कुठे गेले?"

"घरी ठेवले. एवढे नवे मास्क धुळीत खराब करू का?"

* * *

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. आग विझवायच्या सिलिंडरलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. नेमका त्याच संध्याकाळी एका ढिगातून धूर निघाला. चौकीदार प्रल्हाद सिलिंडरसमोरून धावत गेला आणि पिण्याच्या पाण्याचा ड्रमच ओतून आला. आग विझली.

मी ओरडलो, "अरे, सिलिंडर कशाला ठेवलाय मग?"

"पूजा मांडली हाय साहेब! उद्यापावतर हात कसा लावू?"

* * *

शेठजी माणूस वाईट नाही. पण काहीही मागितलं की विचारणार, "याच्यानं कापूस जास्त निघते का?" गेटवरचा सुरक्षेचा बोर्ड मात्र लगेच मंजूर झाला. पेंटर म्हणाला, "मोठ्या अक्षरांचे पैसे जास्त लागतीन."

शेठजी म्हणाले, "मंग 'सुरक्षा' बारीक लिव. फर्मचं नाव मोठं!"

* * *

सरकी काढायच्या मशीनचे पट्टे उघडेच फिरतात. त्यांना लोखंडी जाळ्या बसवा म्हणून मी हात धुऊन मागे लागलो. शेठजी म्हणाले, "या सीझनले आठ बाया नव्या घेऊन राहिलो. जाळ्या बसवल्या तं चारच घीन. सांगा, कोणत्या चौघीले घरी बसवू?"

मी जाळ्यांचं कोटेशन घडी घालून खिशात ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत सुशीलाबाई आली. "साहेब, जाळी पुढच्या सीझनले बसवा न. माह्या सुनेचं नाव यादीत पाचवं हाय." मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण नेमका कोणावर ते कळेना.

सीझन सुरू व्हायच्या दिवशी शेठजींनी सगळ्यांना त्याच बिनजाळीच्या मशीनपाशी जमवलं. नव्या आठही बाया आल्या होत्या, सुशीलाबाईची सून त्यांच्यातच उभी होती.

"इतक्या वर्सात इथं कोणाले खरचटलं नाई," शेठजी म्हणाले. "हा साहेब उगाच भेव दाखवून राहिला. पाहा, मी सोता चालवून दाखवतो!"

मशीन सुरू झालं. शेठजींनी बाह्या वर सारल्या. बोटातली अंगठी काढली, घड्याळ काढलं, गळ्यातली चेन काढली, सगळं माझ्या हातात दिलं आणि पुढे झाले.

सुशीलाबाईनं एकदा सुनेकडे पाहिलं.

"शेठजी, इथं काईच होत नाई न? मंग आंगठी काहून काढली?"