कूलरचा षड्ज

मी पुष्कळ वर्षं गायले, त्याहून जास्त शिकवलं आणि नको नको म्हणताना नागपुरातल्या एका संगीत विद्यालयाची प्राचार्य झाले. लोक मला मैफलींच्या आठवणी विचारतात. कुठे किती रंगलं, कोण काय म्हणालं, वगैरे. मला मात्र सगळ्यात आधी आठवतो तो एक पत्र्याचा, निळ्या रंगाचा कूलर.

मी प्राचार्य झाले तेव्हा विद्यालयात पंखे होते, पण ते गरम हवा इकडून तिकडे नेण्याचंच काम करायचे. एप्रिल लागला की पोरी गळायच्या आणि मी चिडायची. मी मुळातच तापट, त्यात नागपूरचं ऊन. अशा वेळी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील हातगाडीवर कूलर घालून दारात उभे राहिले. जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं कूलर बनवायचं दुकान होतं. पत्रा कापण्यापासून खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भरण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे.

"पोरीले शिकवता, आमच्याकडून एवढं ठेवा जी," ते म्हणाले. मी नाही म्हणणार होते, पण तेवढ्यात गार वारा अंगावर आला आणि माझं तत्त्व विरघळलं.

पोरगी गुणी होती. आवाज मोकळा, मेहनतीला मागे नाही. वडिलांनी दिलेला कूलर म्हणून ती कौतुकाने त्याच्या अगदी समोर बसायची. तो उन्हाळा तिने तिथेच बसून रियाज केला आणि पावसाळ्यात रेडिओची ऑडिशन दिली. नापास. सूर स्थिर नाही, असा शेरा आला. मला तो शेरा मुळीच पटला नाही. मी परीक्षकांच्या कानांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा अर्ज केला, पण तिचा धीर खचला होता. एक दिवस तंबोरा जुळवता जुळवता शांतपणे म्हणाली, "बाई, या वेळी नाही झालं तर मी गाणं सोडते. बी.एड. करते. मले वाटते, मले गाणं येतच नाही." रडली असती तर मी रागावले असते. ती रडली नाही, म्हणून मी घाबरले.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या वर्गात सगळ्या मिळून यमन गात होत्या आणि लाइन गेली. कूलर घरघरत बंद पडला. पोरी मात्र गात राहिल्या. तेव्हा मला ऐकू आलं की तंबोरा एकीकडे आणि अख्खा वर्ग दुसरीकडे, चांगला खाली उतरलेला. थोड्या वेळाने लाइन आली, कूलर पुन्हा घुमायला लागला आणि पोरी त्या घुमण्याला बिलगून निवांत गायला लागल्या. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि नीट कान दिला. संध्याकाळी गावभर कूलर लागले की व्होल्टेज उतरायचं, पंखा मंदावायचा, त्याचा सूर खाली यायचा आणि त्याच्यामागून आमचा वर्ग. उन्हाळ्यात आवाज उतरतातच, असं म्हणत मी दोन उन्हाळे त्यांनाच रागावत होते.

आधी मी पोट धरून हसले. मग समोर बसलेल्या त्या मुलीकडे नजर गेली आणि हसू थांबलं. कूलरच्या आधाराने गाण्याची सवय झालेला तो गळा स्टुडिओच्या शांततेत एकटा पडला होता. तिला गाणं येत होतं, अगदी उत्तम येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून कूलर बंद. मी कारण फक्त तिला सांगितलं. बाकीच्या पोरी ओले रुमाल डोक्यावर ठेवून माझ्याकडे खुनशी नजरेने बघत गायच्या. विजेचं बिल वाचलं म्हणून आमचे अध्यक्ष तेवढे खूश होते.

आणि एका दुपारी तिचे वडील कूलरला तेलपाणी करायला आले.

"काहून बंद ठेवला जी, बाई? मोटर जळली का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूने त्यांच्याच मुलीचा घात केला, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी गार हवा गळ्याला बरी नाही असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी तेल घातलं, बटण दाबलं आणि अभिमानाने म्हणाले, "ऐका, कसा मस्त चालून राहिला!"

शेवटी पोरगीच उठली. "बाबा, त्याचाच आवाज मोठा आहे. तंबोरा ऐकूच येत नाही. मागच्या साली मी त्याच्याच मागं जाऊन राहिली होती."

मला वाटलं, आता हा माणूस दुखावला. त्यांनी बटण बंद केलं, ताट्या उपसून काढल्या, खिडक्यांना सुतळीने बांधल्या आणि त्यांवर बादलीभर पाणी मारलं. खसाचा वास वर्गभर पसरला. "मंग आधी सांगत काहून नाही?" ते माझ्यावरच डाफरले. "एवढ्यासाठी पोरी उकडून राहिल्या, अन् तुमी शिकवून राहिल्या!" मला ओरडून घ्यायची सवय नव्हती, पण त्या दिवशी ते फार बरं वाटलं.

या वेळी ती पास झाली. आधीच ध्वनिमुद्रित झालेला तिचा पहिला कार्यक्रम लागला तो पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी. मला जेवायलाच बोलावलं होतं. बुद्धविहारामागच्या त्यांच्या गल्लीत शिरले तर घराघरातून कूलर गरजत होते, बहुतेक सगळे त्यांच्याच हातचे. रेडिओ मोठा केला तरी निवेदिकेचं बोलणं धड कळेना. पोरगी स्वयंपाकघरात दाराआड कानांवर हात ठेवून बसली होती.

वडील उठले आणि अनवाणीच बाहेर धावले. "बंद करा ना गा कूलर! रेडिओवर पोरगी गाऊन राहिली!"

"आमाले मारतं का गा उन्हाळ्यात?" कोणीतरी म्हातारी ओरडली.

"थोडंसंच वं, मावशी! तिचं होऊ दे!"

एकेक कूलर थांबत गेला. एवढी मोठी गल्ली, मे महिन्याची दुपार, आणि कुठे खट्ट नाही. तंबोरा ऐकू आला, आणि मग तिचा षड्ज, सरळ, जागचा न हलणारा. माणसं घामाने निथळत उंबऱ्यांवर येऊन बसली होती. माझ्या गाण्यासाठी लोकांनी तिकिटं काढली, पण असा घाम कोणी गाळला नव्हता.

वडील परत आले, दारातच उभे राहिले. पाय भाजले होते, ते आलटून पालटून उचलत होते. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बरोबर लागून राहिला ना जी, सूर?"

मी मान डोलावली आणि त्यांना आत सावलीत यायची खूण केली.