धोंडू म्हणजे काय

कुणाच्या मुलाचं नाव कानावर पडलं, की काका चहाचा कप बशीत ठेवायचे आणि विचारायचे, "म्हणजे?" अर्थ कळल्याशिवाय कप पुन्हा उचलला जात नसे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मराठी मंडळींचे कितीतरी चहा त्यांच्यासमोर असे गार झाले.

ते एका मंत्रालयात अधिकारी होते आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बारसं ठरलं की लोक नावासाठी त्यांच्याकडे जात. समोरच्या पंजाबी शेजाऱ्याने मुलासाठी नाव मागितलं, तेव्हा काकांनी दोन रविवार खपून एक भारदस्त संस्कृत नाव काढून दिलं. ते शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि पोराला सगळे बंटीच म्हणू लागले. काकांनी बापाला गाठून विचारलं, "बंटी मतलब?" तो बिचारा म्हणाला, "बंटी मतलब बंटी, जी." काका आठवडाभर रुसले होते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. एरवी आपण त्याला टाळतो आणि अडलं की त्याच्याकडेच जातो.

काकांचा खरा अभिमान मात्र एका साध्यासुध्या नावाचा होता. त्यांच्या वडिलांचं नाव धोंडू. कचेरीत ते वाचून लोक हसत, आणि काका न चिडता त्यांना मोडक्या हिंदीत समजावत. वडिलांच्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली. मग आजीने या मुलाला धोंडू म्हणायला सुरुवात केली. गोड नावाच्या पोरांवर मृत्यूचा डोळा असतो, धोंडा कोण उचलून नेणार? "आणि म्हातारपणापर्यंत खणखणीत जगले," हे वाक्य शेवटी हमखास यायचं. मला ही गोष्ट पाठ झाली होती.

पुढे दिवस पालटले. काकांचा मुलगा परदेशी कंपनीत लागला आणि त्याने गुडगावला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. घर मोठं, पण पाळणा हलेना. सुनेची दोन बाळं हाती लागली नाहीत. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, पण दिवस भरायच्या आधीच. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

काका माझ्या मारुती गाडीत शेजारी बसून रोज दवाखान्यात यायचे. एका दुपारी त्यांनी मुलाला बाजूला घेतलं आणि बारशाची वाट न बघता आजच पोराला धोंडू म्हणून हाक मार, असं विनवू लागले. मी जवळच उभा होतो. नावांबद्दल सगळ्यांना ऐकवणारा तो माणूस हात जोडून बोलत होता, ते बघवेना.

मुलगा कित्येक रात्री झोपला नव्हता. तो चिडला. "बाबा, प्लीज. डॉक्टर इतकं करतायत आणि मी त्याला दगड म्हणू? त्याच्या आईला काय वाटेल? इथे लोक हसतील."

"हसू देत," काका म्हणाले. "हसायला पोर तर राहील."

मुलगा ऐकेना. नाव ठेवायचं ते आईबापाने, आजोबांनी परस्पर ठेवू नये, हे काकांचं जुनं मत, त्यामुळे त्यांनी स्वतः हाक मारली नाही. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही दया येत होती. सांगणार कुणाला? मी काकांना चहा आणून दिला. काचेपलीकडे त्या एवढ्याशा जिवाचं पोट भराभर वरखाली होत होतं.

बारशाच्या आधीच बाळ गेलं. नावाने ते वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही हात टेकले होते.

एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. गावाबाहेरच्या त्या मोकळ्या जागेत खड्डा खणणाऱ्या माणसाने सहज विचारलं, "नाम क्या था बच्चे का?" मुलगा बाळाला खड्ड्यात ठेवून काकांजवळ आला.

"बाबा, तुम्ही म्हणत होता तेच सांगा," तो म्हणाला. "मी आता अडवणार नाही."

काकांनी त्याच्या हातांना लागलेली माती आपल्या रुमालाने पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

"ते नाव नको रे," ते म्हणाले. "ते जगायला देतात."

फावडं घेतलेला माणूस थोडा थांबला. मग पुन्हा काही न विचारता तो माती ओढू लागला.