मानाचा चौकोन
रिसोडला खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही कंपनी काढली, तेव्हा पाटीवर काय लिहायचं यातच आठवडा गेला. आमचा माल समजावणं अवघड. पडद्यावर चौकोन काढायचे, बाणांनी जोडायचे. कोणतं काम कोण करतं आणि पुढे कोणाकडे जातं याचा नकाशा होतो, आणि त्यावरून प्रोग्राम आपोआप लिहिला जातो. शेवटी 'सॉफ्टवेअरची अवजारे' असं रंगवलं. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आले.

कंपनीत माणसं दोन. मी बोलायचो, भागीदार काम करायचा. तो पुण्याची नोकरी सोडून आलेला, तत्त्वाचा कडक. त्याचा पहिला नियम असा, की ज्या चौकोनाला बाण नाही, तो चौकोन चूक. आमचं अवजार असा चौकोन लाल करून अडून बसायचं. वर्षभर एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा पुण्याच्या जुन्या साहेबांनी त्याला परत बोलावलं. "सोमवारी सांगतो," असं तो म्हणाला. तो गेला की कंपनीत नुसतं बोलणं उरणार होतं.

त्याच आठवड्यात एका डाळमिलचे शेठ तयार झाले. चालवून दाखवा, मग घेतो, म्हणाले. आम्ही त्यांच्यासमोर नकाशा काढायला बसलो.

"तूर कोण उतरवून घेतं?"

"मी."

"वाळली की नाही, कोण ठरवतं?"

"मीच ना बावा! मिल कोनाची हाय?"

मागे चाळणीजवळ मिलमधली सगळ्यात जुनी कामगार मावशी पदर तोंडाला लावून हसली. ते मी पाहिलं. पण शेठना त्यांच्याच कामगाराच्या खाली कसं दाखवायचं? मी भागीदाराला डोळ्यांनी दटावलं आणि सगळ्या चौकोनांत शेठच बसवले. शेठ इतके खुलले की चहाबरोबर चिवडाही आला. त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली, "फोनवर माही परवानगी आल्याबिगर कोनी बटन दाबाचं नाई!"

शनिवारी शेठ धनजला लग्नाला गेले. तिकडे बँडबाजा, फोन कोटाच्या खिशात. इकडे प्रत्येक पायरीला परवानगी हवी. मिल सकाळपासून गप्प. हमाल पोत्यांवर आडवे. दुपारी शेठ फेट्यासकट परत आले.

"काहून बंद हाय मिल?"

"तुमची परवानगी नाही आली," भागीदार म्हणाला.

"अरे, मंग मावशीले इचाराचं ना!" शेठ बोलून गेले आणि चपापले.

"मले कायले इचारतीन?" मावशी म्हणाली. "मी त्यायच्या कागदात हावो तरी कुठी?" तिने तुरीचा दाणा उचलला, दाताखाली कट्कन फोडला. "वाळली. कवाचीच वाळली. लावा मिल."

मिल धडधडू लागली. भागीदाराने नकाशा सुधारला. इथे मावशी, तिथे हमाल, पुढे मुनीम. सगळं जुळलं.

"अन् मी?" शेठनी हळूच विचारलं.

"तुमचं कुठे कामच नाही."

मी डोळे मिटून घेतले. सोमवार परवावर आला होता.

"हे पाय भाऊ," शेठ म्हणाले, "हा कागद हापिसात भितीले लागन. सोयरेधायरे येतीन. वर माहा चौकोन पायजे. त्याले काम नसलं तरी चालते. जमत नसन त राहू दे तुहं अवजार."

"बाण नसलेला चौकोन चूक असतो," भागीदार ताठ.

मी त्याला पोत्यांच्या थप्पीमागे ओढलं. "तुझ्या लग्नपत्रिकेत सगळ्यात वर चुलत आजोबांचं नाव होतं. त्यांनी लग्नात काय केलं?"

"रुसले."

"पण नाव होतं ना?"

त्याने लॅपटॉप उघडला, काहीतरी लिहिलं, दोनदा खोडलं. मग अवजारांच्या पट्टीत एक नवी खूण उगवली. सोनेरी काठाचा चौकोन. सगळ्यांच्या वर बसणारा, बाण नसलेला, आणि लाल न होणारा. शेठनी उभ्याउभ्याच सही केली. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाने आधी तोच मागितला. एका कापसाच्या जिनिंगवाल्याला तर सासऱ्यांसाठी दुसराही हवा होता.

त्या शनिवारी मात्र भागीदाराने सोमवारची वाट पाहिली नाही. मिलच्या फाटकातूनच पुण्याला फोन लावला. "नाही येत, साहेब. आम्हाला नवा शोध लागलाय." हा शोध काय करतो, असं पलीकडून विचारलं असावं.

"काहीच नाही करत," भागीदार अभिमानाने म्हणाला. "म्हणूनच तर अवघड गेलं."