गोळीचा वेग आणि बसचे दिवे

गौलीगुड्याचे भगवंतराव देवणीकर बस डेपोच्या वायरिंग खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा डेपोने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी आठवड्याच्या आत खोललं. बंद पडलं होतं म्हणून नव्हे, आत कामाचं काय काय निघतं ते बघायला. त्याची काच आज त्यांच्या जुन्या व्होल्टमीटरवर बसलेली आहे आणि वेळ बघायची झाली की कुसुमताई समोरच्या शेजारणीला हाक मारतात.

तक्रार अशी नाही. त्या घरात मिक्सरच्या मोटरवर चालणारा पंखा आहे, छत्रीच्या काड्यांचा टीव्हीचा अँटेना आहे, आणि पितळी डब्यांच्या जागी स्क्रू, रिंगा, स्प्रिंगा भरलेले बत्तीस डबे आहेत. टाकून द्यायची वस्तू भगवंतरावांना अजून सापडायची आहे.

असा माणूस घरात बसला तर घर उरणार नाही, हे ओळखून कुसुमताईंनीच त्यांना अंबरपेठच्या नेमबाजी क्लबात धाडलं. क्लब म्हणजे जुनं तांदळाचं गोदाम. एका टोकाला चार नेमबाज उभे राहतात, दहा मीटरवर कागदाची लक्ष्यं टांगलेली. रायफली दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या. त्यांची देखभाल भगवंतराव करतात, चहाच्या बोलीवर. शिकवतो कौस्तुभ. हा मूळचा पुण्याचा, पोटापाण्याला संगणकाच्या कंपनीत, आणि आकडा दिसला की लिहून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

राज्य स्पर्धेसाठी क्लबातून एका मुलीचं नाव जायचं होतं. शनिवारी दुपारपर्यंत. महिनाभरातली सरासरी बघून कौस्तुभ नाव ठरवणार होता, आणि वीस दिवस त्या यादीत त्रिवेणी सगळ्यांच्या पुढे होती. त्रिवेणी अंबरपेठचीच, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची, तीन वर्षं रोज पहाटे येणारी. पुढचे दहा दिवस मात्र तिच्या गोळ्या खाली जायला लागल्या. एक मधोमध, दुसरी एक वर्तुळ खाली, तिसरी पुन्हा मधोमध. सरासरी घसरली.

कौस्तुभने निदान केलं की खांदा पडतोय. तिला खांद्याचे व्यायाम दिले. तिने चार दिवस मुकाट्याने केले आणि गुरुवारी सकाळी रायफल टेबलावर ठेवली.

"सर, खांदा हाय तसाच हाय. काकांनी रायफल खोलल्यापासून गोळी खाली जायली."

सगळे भगवंतरावांकडे बघायला लागले. दहा दिवसांपूर्वी ती रायफल त्यांनीच साफसफाईसाठी खोलली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जोडलेली एकही गाडी रस्त्यात अंधारी पडली नव्हती, हे गौलीगुड्यात लहान मुलांनाही पाठ आहे, कारण ते स्वतःच सांगतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मोजू."

मोजायचं यंत्र कपाटात होतं. परदेशी गेलेला एक सभासद ते मागे ठेवून गेला होता. पावाच्या लादीएवढं खोकं, त्याला वरच्या अंगाला दोन डोळे. गोळी वरून जाताना तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि मधल्या वेळावरून यंत्र वेग सांगतं. गोळी हळू सुटली तर ती खाली लागणार, म्हणजे दोष रायफलीचा. वेग सारखा आला, तर दोष खांद्याचा. हिशेब सरळ होता. यंत्राला वरून स्वच्छ उजेड मात्र लागतो आणि त्याचे स्वतःचे दिवे कधीच हरवले होते. उन्हात नेलं तर दिवे नकोत, पण परवाना गोदामाच्या आतला, आणि बाहेर शाळेचं मैदान. नवे दिवे मागवले तर तीन आठवडे.

"दिव्यासाठी कोण थांबलंय," असं म्हणून भगवंतराव घरी गेले आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या मखराच्या माळा घेऊन आले. मंडळाचं सामान कुसुमताईंच्या पलंगाखाली असतं. छत्रीच्या चार काड्या यंत्राभोवती उभ्या केल्या, वर माळा गुंडाळल्या आणि बटण दाबलं. खोकं एकदम प्रसन्न दिसायला लागलं. आणि त्यावर आकडा आला, सेकंदाला चारशे बारा मीटर.

त्रिवेणी तेव्हा कोपऱ्यात पाणी पीत होती. रायफल टेबलावर, रिकामी. कौस्तुभने सवयीने आकडा लिहून घेतला, मग वर बघितलं. तेवढ्यात शहाण्णव आला. मग तीनशे चार.

"काका, हा बहुतेक उंदराचा वेग असेल," कौस्तुभ म्हणाला, आणि तिन्ही आकडे खोडले.

दोष माळांचा होता. विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा मिचकतो. आपल्याला कळत नाही, यंत्राला कळतं, आणि प्रत्येक मिचकीला त्याला वाटतं, गोळी गेली. ट्यूबलाइटखालीही तीच तऱ्हा. माळा काढून भगवंतराव परतले ते कुणाशी न बोलता. त्यांच्या बाबतीत हे ताप आल्याचं लक्षण मानतात.

संध्याकाळी कुसुमताई भाकऱ्या थापत होत्या आणि भगवंतराव पाटावर बसून छताकडे बघत होते. गॅसच्या वर दोन लांबट दिवे लावलेले. मोडीत निघालेल्या बसच्या छतातले. आत तारेचे बल्ब, वर दुधी झाकण. वीज सारखी जायची त्या काळात त्यांनी ते ओट्याखालच्या बॅटऱ्यांवर जोडले होते. आता वीज क्वचितच जाते, पण ट्यूबलाइट पाठीमागे आहे आणि तव्यावर आपलीच सावली पडते, म्हणून कुसुमताई भाकरी अजून बसच्या उजेडातच करतात.

भगवंतराव उठले. उलथनं उचललं आणि ट्यूबलाइटखाली ते जोरजोरात हलवलं. एका उलथन्याची सात-आठ उलथनी दिसली. मग ट्यूबलाइट बंद करून बसच्या दिव्यांखाली हलवलं. नुसता एक सलग पट्टा.

"अहो, काय करायलाव?" कुसुमताई म्हणाल्या. "आरती हाय का?"

त्यांनी सगळं सांगितलं. बॅटरीवरचा दिवा मिचकत नाही, दुधी झाकणाने उजेड सगळीकडे सारखा पसरतो, देवाने हे दिवे जणू त्या यंत्रासाठीच घडवलेत. कुसुमताईंनी भाकरी उलटली. त्यांना दिव्यांची चिंता नव्हती.

"आन् मशीननं तुमचीच चूक दाखवली तर?"

भगवंतरावांनी स्टुल ओढलं आणि पहिला स्क्रू सैल केला. "त्या पोरीला कळायला नको का, खांदा तिचा हाय का माझा," ते वरूनच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी दोन दिवे, दोन बॅटऱ्या आणि गुंडाळीभर वायर स्कूटरवर लादून ते अंबरपेठला पोचले. दिवे काड्यांवर आडवे बांधले, दोन डोळ्यांच्या बरोबर वर. ट्यूबलाइट बंद केल्या. गोदामात पहाटेच्या नांदेड गाडीसारखा पिवळा उजेड पसरला. यंत्राचा पडदा कोरा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही भुताची गोळी गेली नाही.

आधी कौस्तुभने स्वतःच्या रायफलीने पाच गोळ्या झाडल्या. एकशे बहात्तर, त्र्याहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर, बहात्तर. भगवंतरावांचा चेहरा असा फुलला, जणू वेग त्यांनीच शोधून काढलाय. मग त्रिवेणीने तिची रायफल उचलली.

एकशे चौऱ्याहत्तर. एकशे एकसष्ट. एकशे त्र्याहत्तर. एकशे अठ्ठावन्न.

कौस्तुभ स्वभावाने तिरकस असला, तरी निर्दय नाही. तो खाली बघत म्हणाला, की बॅटरी उतरली असेल, दिवा मंद झाला असेल. भगवंतरावांना सुटायला वाट छान मोकळी होती. भगवंतरावांनी कौस्तुभचीच रायफल पुन्हा त्याच्या हातात दिली. एकशे त्र्याहत्तर, बहात्तर, बहात्तर.

"दिवा बरोबर हाय," भगवंतराव म्हणाले. "रिंग माझी हाय."

मग त्यांनी सांगितलं. रायफलीत हवेचा दाब सांभाळणारा एक भाग असतो, त्यात रबराची छोटी रिंग. साफ करताना ती झिजलेली दिसली. नव्या रिंगांचं पाकीट कपाटातच होतं, बंद. पण खिशातल्या डबीत बसच्या ब्रेकच्या वाल्वमधली एक रिंग होती, मापाला अगदी तंतोतंत. ती बसवली. ती कधी दाब धरत होती, कधी सोडत होती.

"पण नवी होती ना आपल्याकडे?" कौस्तुभने विचारलं.

"होती. पाकीट फोडवलं नाही."

त्यांनी पाकीट फोडलं. चाळीस मिनिटं लागली. त्रिवेणी शेजारी उभी राहून स्क्रू झेलत होती, आणि तिने एक शब्दही टोमणा मारला नाही, याचा भगवंतरावांना जास्त त्रास झाला. रायफल जुळली. एकशे चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. मग तिने लक्ष्यावर दहा गोळ्या झाडल्या. खाली एकही गेली नाही.

राहिली सरासरी. ते दहा दिवस वगळायचे, तर क्लबच्या नियमाप्रमाणे वहीत कारण हवं, आणि ज्याच्यामुळे बिघाड झाला त्याची सही. कौस्तुभ म्हणाला, की तांत्रिक कारण असं मोघम लिहितो, काकांचं नाव कशाला. भगवंतरावांनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला आणि डेपोत बिघाडाची नोंद करायचे तसं लिहून सही ठोकली. वही कौस्तुभकडे सरकवली. त्याने मोठ्याने वाचलं:

"वाहन, रायफल क्रमांक तीन. बिघाड, दाबाची रिंग. चालकाची चूक, नाही. कारण, मेकॅनिक."

"काका, वाहन कायकू लिहिलं?" त्रिवेणीने विचारलं.

"चालकाची चूक नाही असं लिहायला वाहन लागतं ना," भगवंतराव म्हणाले.

कौस्तुभने ते दहा दिवस वगळून सरासरी पुन्हा काढली, आणि शनिवारची वाट न बघता त्याच पानावर खाली त्रिवेणीचं नाव लिहिलं.