नांगरापुढचा अर्धविराम

साहेबांनी माझा इंग्रजी ड्राफ्ट तिसऱ्यांदा परत केला. कागद लाल शाईने भरला होता.

अमरावतीत कापूस खरेदी करणाऱ्या एका ऑफिसात मी दुभाष्या होतो, तोही महिनाभराच्या बोलीवर. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला म्हणून विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. करार इंग्रजीत मुंबईला जाई आणि त्याची मोडी प्रत शेतकऱ्याकडे राही. अकोटकडच्या एका पाटलांचा करार माझ्याकडे सोपवला होता. तो जमला तर नोकरी कायम, नाहीतर पुण्याचा रस्ता. पुण्यात मी सगळ्यांना नोकरी पक्की असल्याचं सांगून आलो होतो.

"हे काय?" साहेबांनी एका कॉमावर बोट ठेवलं. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण स्वच्छ. "पाटील गाड्या आणतील. हे पूर्ण वाक्य. आम्ही माल उतरवू. हेही पूर्ण. मध्ये नुसता कॉमा?"

"दम घ्यायला, साहेब."

"दोन बैल तुम्ही सुतळीने जुंपता का? मध्ये 'आणि' घाला, मग कॉमा पुरेल. 'आणि' नको असेल तर सेमिकोलन घाला. ते जू आहे."

सेमिकोलन म्हणजे अर्धविराम. वर टिंब, खाली कॉमा. दोन वाक्यं आपापल्या पायांवर उभी असतात, पण गाडी एकच ओढतात. मला ही गोष्ट फार आवडली. इतकी, की तयार होऊन पडलेल्या मोडी प्रतीतही मी साहेबांच्या टाकाने नऊ अर्धविराम घालून टाकले. मोडीत बोरू धावत जातो. शब्द तोडायची पद्धत नाही, विरामचिन्ह तर औषधालाही नाही. पण हौसेला मोल नसतं.

दुपारी पाटील आले. गाड्या अंगणात सोडल्या होत्या. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"हे ठिपके कायचे, मुनशीजी?"

"वाचताना थांबायच्या खुणा आहेत, पाटील."

"हे मांगून पडले. शाई येगळी हाय. मले वाचता येत नाही, पन पायता येते."

करारात ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली तर आम्ही तिथे रेघा मारतो, मागाहून कोणी काही घुसवू नये म्हणून. मलाही हे ठाऊक होतं. आणि मीच नऊ ठिकाणी घुसवाघुसवी केली होती.

"मी निशाणी नाही करत," पाटील म्हणाले आणि दाराशी जाऊन गाडीवानांना हाक दिली, "जुंपा रे."

साहेब आतल्या दारात उभे होते.

"पाटील, ते मीच घातले," मी म्हणालो. "आज सकाळीच शिकलो. हौस आली. मजकुरातला एक शब्द बदललेला नाही."

पाटील दारातून परत फिरले. मग खाली बसले. "तं मंग माह्यासमोर लिहा. ठिपका जिथं येईन तिथंच द्या."

मी नवा कागद घेतला. मोठ्याने वाचत लिहू लागलो. प्रत्येक अर्धविरामाला थांबलो की पाटील एक बोट मिटत. मजकूर संपला तेव्हा नऊ बोटं मिटली होती. त्यांनी बोरू मागून खाली आपला नांगर काढला. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची हीच सही.

"याच्यापुढं बी एक ठिपका द्या. पुढच्या साली येनं हाय मले. तुमी असान ना इथंच?"

मी बोरू परत घेतला; नांगरापुढे अर्धविराम काढला.

"आता लिहा," पाटील म्हणाले, "ठिपके धा. अकरावा मांगून नाही पडाचा."

साहेबांनी कागद उचलला, लाल शाईत टाक बुडवला आणि नांगरापाशी थांबले. पुढे वाक्य नाही आणि अर्धविराम! मग त्यांनी टाक ठेवून दिला.

"चूक आहे," ते म्हणाले. "पण पुढचं वाक्य आलं की बरोबर होईल. ते लिहायला हे इथेच असतील, पाटील."

मी शाई सुकवायला कागदावर वाळू टाकायच्या निमित्ताने मान खाली घातली.

पुढच्या साली पाटील आले; त्याच्या पुढच्याही साली आले. दर वेळी आधी ठिपके मोजत, मग राम राम करत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो: विरामचिन्हं लिहिता लिहिताच द्यावीत; मागून दिलेला ठिपका वऱ्हाडात पचत नाही.