गौहर बेगमचा निकाह

आमच्या खुशनुमाला लोक आता तलाकवाली म्हणतात. तिचं लग्न कधी झालेलंच नाही.

ती बीएस्सी झालेली आहे, माजलगावातल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. औरंगाबादला कॉलेजात असताना वसतिगृहातून एक खेळ शिकून आली. चारपाच जण गोल बसतात, एकेक जण एकेक पात्र होतो, एक जण गोष्ट चालवतो आणि गोष्ट अडली की फासा टाकतात. पडेल तसं पुढं घडतं. आमच्याकडं गोष्ट खुशनुमाच चालवायची. निजामाच्या काळातली, भुताची आणि प्रेमाची. सिंदफणेच्या काठी एक हवेली, तिथं मुक्कामाला आलेला तरुण तहसीलदार, आणि त्याच्यावर जीव जडलेली गौहर बेगम, जी कधीचीच मेलेली आहे.

रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत, आंब्याच्या रिकाम्या क्रेटवर पाट ठेवून हे चालायचं. तिचा धाकटा भाऊ अल्ताफ, त्याचे दोन मित्र आणि शेजारच्या गॅरेजातला मुस्तकीम. तहसीलदार घोड्यावर येईल की छकड्यात, यावरून एकदा इतके भांडले की खेळ तिथंच राहिला. मला बरं वाटायचं. पोरगी घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, हसते आहे.

तिचं वडवणीला ठरलं होतं. ईदनंतर तारीख धरायची होती.

त्या रविवारी फासा असा पडला की तहसीलदाराला गौहरशी निकाह लावणं भाग होतं. तहसीलदार मुस्तकीम, गौहरचं बोलणं खुशनुमाच्या तोंडी. अल्ताफ काजी झाला, मित्र गवाह झाले. खुशनुमानं मेलेल्या बाईच्या घोगऱ्या आवाजात तीनदा "कबूल है" म्हटलं आणि सगळे हसून लोळले. अल्ताफनं व्हिडिओ स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई, कमरजहाँ, वडवणीहून आली. चहाला तिनं हात लावला नाही.

"भाभी, निकाह गमतीत बी होतो म्हणतेत. काजी होता, गवाह होते."

"खेळ होता तो. खुशनुमाचं नाव तरी घेतलं का कुणी?"

"तोंड तर तिचंच होतं ना."

आम्ही मौलानांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, खेळातलं बोलणं, तेही दुसऱ्याच्या नावानं, त्यानं निकाह झालेला नाही. कमरजहाँचं समाधान झालं नाही. त्या गॅरेजातल्या पोरानं एकदा तलाक म्हणून टाकावं, म्हणजे कुणाच्या मनात किंतु नको, असा तिचा हट्ट. खुशनुमाच्या अब्बांना ते पटलं. एका शब्दानं स्थळ वाचत असेल तर कावून अडून बसायचं, म्हणाले.

खुशनुमा म्हणाली, "जे जुळलंच न्हाई ते तोडायचं कसं? तोडायचंच असंल तर गौहरला तलाक द्या."

भुताच्या तलाकाचं आम्ही काय करू, कमरजहाँ म्हणाली, खरं नाव घ्या.

मुस्तकीम गॅरेजातून तसाच आला, हाताला ग्रीस. दारातच उभा राहिला. खाली बघून म्हणाला, "मकसूदची बेटी खुशनुमा, तिला मी तलाक दिला." मग तिच्याकडं बघून, "माफ कर, आपा."

निकाहात तिचं नाव कुठंच नव्हतं. तलाकात आलं, बापाच्या नावासकट.

थोड्याच दिवसांत कमरजहाँचा फोन आला. "माझं काय न्हाई, भाभी. पण घरची थोरली सून व्हायची ती, घरातले म्हणतेत तलाकवाली कावून आणायची."

"तलाक तुमीच द्यायला लावला."

"मग दिला कावून? निकाह झालाच नव्हता तर द्यायचा न्हाई."

मुस्तकीमचं यंदा लग्न झालं. त्याला कुणी काही म्हणत नाही. अल्ताफ अजून बहिणीसमोर जेवायला बसत नाही. फासे कुठं गेले, मी विचारलं नाही.

आज तलवाड्याचं स्थळ आलं. बायको वारलेली, दोन लेकरं. घेऊन आलेली बाई मनानं चांगली आहे. तुमच्या पोरीला शोभेल असंच बघितलं, म्हणाली. खुशनुमाच्या अब्बांनी मला न विचारता त्यांना जुम्म्याला बोलावलं.

खुशनुमा शाळेच्या वह्या तपासत होती. मला वाटलं, भांडेल. ती भांडावी म्हणून मी तिथंच उभी राहिले.

तिनं मान वर न करता विचारलं, "मोठं लेकरू कितवीला हाय, अम्मी?"