दिशदाशांच्या पिशव्या

दहा जानेवारी. लॉन्ड्रीतून आलेल्या कपड्यांवरची प्लास्टिकं काढताना ओमानमधल्या सीब गावातली एक सकाळ आठवली. अल् खुवैरला माझी नोकरीची मुलाखत होती, आम्हा नवरा-बायकोकडे फक्त मोटरसायकल, आणि निघताच धो धो पाऊस सुरू झाला. ओमानमध्ये रेनकोट कोण बाळगतो? आम्ही कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या छपराखाली शिरलो. लॉन्ड्रीवाले रत्नागिरीचे चाचा म्हणाले, "अशी भिजून गेलीस, बाय, तर साहेब नोकरी देईल का टॉवेल?" अरबांच्या पायघोळ दिशदाशांवर चढवायच्या दोन लांब प्लास्टिकच्या पिशव्या त्यांनी काढल्या, डोक्याला-हातांना भोकं पाडली आणि आम्हाला घोट्यापर्यंत झाकलं. नवरा म्हणाला, "चला, इस्त्रीचे दोन नग निघाले." साडी कोरडी राहिली. साहेब म्हणाले, उद्यापासून या. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात इस्त्री असूनही, नवऱ्याचे सगळे शर्ट चाचांकडे टाकून मी कामावर गेले.